घसरडे शब्द

इटालियन जशी लिहितात तशीच वाचायची, असं पहिल्याच दिवशी सांगतात. खरंच आहे ते. फक्त आघात कुठे द्यायचा, तेवढं लिहिलेलं नसतं. शेवटच्या स्वरावर जोर असला तरच त्याच्या डोक्यावर रेघ हटकून येते. 'चित्ता' म्हणजे शहर, त्यातल्या 'त्ता'वर ती असते. एरवी ऐकून ऐकूनच कळायचं.

बहुतेक शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारायच्या तुकड्यावर असतो. त्यांना 'प्याना' म्हणतात, म्हणजे सपाट. तो आणखी एक घर मागे सरकला की शब्द 'स्द्रुच्चोला', म्हणजे घसरडा. आणि या घसरड्यांनी गावांची नावं पार व्यापून टाकली आहेत! नापोली, जेनोवा, पादोवा, मोदेना, बेर्गामो, तारान्तो, काल्यारी: सगळ्यांत जोर पहिल्यावर. 'तारान्तो'मधल्या 'रा'वर रेललात की परके ठरलात. 'फ्रिउली' प्रांताच्या नावात मात्र जोर 'उ'वर हवा, तिथे खुद्द इटालियनही सर्रास 'फ्रि'वर देतात. 'कापितानो' तर खोडकरच. 'का'वर जोर दिला तर 'घडतात', 'ता'वर दिला तर कप्तान. लिहिताना दोन्ही सारखे.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचे नियम त्या मानाने सरळ. दुहेरी व्यंजन मधोमध फुटतं: नॉत्-ते, पाल्-ला. 'स' मात्र पुढच्या व्यंजनाला सोडत नाही: पा-स्ता, फि-ने-स्त्रा. देवनागरीत हे आपसूकच होतं, कारण 'स्ता' तोडायला आपल्याकडे फटच नाही. पण तशी ती 'त्ते'मध्येही नाही, आणि इटलीतलं शाळकरी पोर तिथे खुशाल आडवी रेघ मारून अर्धा 'त' वरच्या ओळीत ठेवतं. वृत्तं शिकलेल्यांनी दचकू नये. जोडाक्षराआधीचं अक्षर आपण गुरू धरतो, ते त्या अर्ध्या 'त'च्याच बळावर.

कवितेच्या ओळीतले अवयव मोजण्यात मात्र इटालियन आपल्याहून सैल. शार्दूलविक्रीडितात १९ अक्षरांची २० करून पाहा, कोणी ऐकून घेणार नाही. त्यांचा महाकवी दान्ते, त्याची ओळ नावाने अकरा अवयवांची. पण तिथे पक्का असतो तो दहाव्यावरचा आघात. शेवटचा शब्द सपाट असला तर अकरा भरतात, जोर अगदी टोकाला असला तर दहाच, घसरडा असला तर बारा. तिन्ही ओळींना नाव अकराचंच.