आधी ग्रीसगन, इंजिन नंतर

ट्रक-टिपरसारख्या मोठ्या गाडीचा मेंटेनन्स स्वतः करायचं डोक्यात आलं की बरेच जण पान्यांचा मोठा सेट आणतात आणि थेट इंजिनावर डोळा ठेवतात. माझं ऐकाल तर इंजिन राहू द्या, आधी ग्रीसगन घ्या, म्हणजे सांध्यांत दाबाने ग्रीस भरायचं हत्यार. हात बरबटतात म्हणून हे काम सगळेच टाळतात आणि मग किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन), पाट्यांच्या म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पिना, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचे सांधे) वेळेआधीच वाजायला लागतात.

निपल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड, आधी फडक्याने पुसायचा, नाहीतर वरची माती ग्रीससोबत आत जाते. मग हळूहळू मारत राहायचं, जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत. क्रॉसला चारही टोकांच्या कपांतून ग्रीस यायला हवं, तीनातून आलं आणि चौथा कोरडा राहिला तर पहिला तोच जाणार, सोडून देऊ नका. निपल ग्रीस घेतच नसेल तर काढून नवीन बसवा.

आणि एकदा गाडीखाली आडवे पडलात की बाकीचंही दिसायला लागतं, एअर पाइप चेसिसला घासतोय, शॉकअप ओला झालाय, पाट्याला बारीक चीर आहे, चाकाच्या नटाखालून गंजाची तांबूस रेघ ओघळलीये म्हणजे तो नट ढिला असायची शक्यता. ग्रीसच्या निमित्ताने ही पाहणी आपोआप होते, मला तरी यात जास्त फायदा वाटतो.

दुसरं शिकायचं ते डिझेल फिल्टर. पाणी डिझेलपेक्षा जड, ते वॉटर सेपरेटरच्या तळाशी बसतं, खालचा कॉक सैल करून भांड्यात स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडायचं. फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग वर चिकटून राहिली नाही ना हे बोट फिरवून बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळती ठरलेली. नंतर डिझेलचा हातपंप कडक होईपर्यंत मारा, हवा काढायच्या ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबले की आवळा, उगाच सेल्फ मारत बसलात तर बॅटरीही जाईल आणि स्टार्टरही तापेल. कॉमन रेल इंजिन (एकाच पाइपातून सगळ्या इंजेक्टरना हाय प्रेशर डिझेल देणारं) असेल तर नवीन फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल ओतू नका, ते न गाळलेलं असतं, आणि हाय प्रेशर पाइपांना तर हातच लावू नका, तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं.

काही कामं मी मेकॅनिककडेच ठेवतो. पार्किंग ब्रेकचा स्प्रिंग चेंबर उघडायचा विचारही करू नका, आतली स्प्रिंग सुटली तर जीव घेईल. हायड्रॉलिक होज गळतोय का हे हात फिरवून कधीच बघायचं नाही, पुठ्ठा धरायचा. बारीक धार कातडीतून ऑइल आत घुसवते, सुरुवातीला टोचल्यासारखंच वाटतं पण त्याच वेळी हॉस्पिटल गाठावं लागतं. टिपरच्या उचललेल्या बॉडीखाली सेफ्टी प्रॉप (आधाराचा दांडा) लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही, ड्रायव्हर कितीही म्हणू दे की मी लिव्हर धरून बसलोय.

चाक काढून बसवलं असेल तर नट समोरासमोरचे आवळा आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा टॉर्क, म्हणजे नट किती घट्ट आहेत ते, चेक करा. फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, जेसीबीसारखं मशीन असेल तर चाललेले तास, वही ऐनवेळी केबिनमध्ये सापडेलच असं नाही.