36 एक्सपोजर

"पोरीला जरा एक्सपोजर मिळायला हवं गं," परवा आत्या फोनवर म्हणाली आणि मला हसूच फुटलं. हीच आत्या पूर्वी टीव्हीवर गाणी लागली की "काय मेली एक्सपोज करतीये" म्हणत उठून टीव्ही बंद करायची, आणि आता नातीला पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या एकांकिकेत घ्यावं म्हणून कुणाकुणाला फोन लावत बसलीये.

हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीवर. 36 एक्सपोजर. म्हणजे 36 फोटो, मोजून. पण बाबा पडले सदाशिव पेठेतले, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत, रोलचं टोक जेमतेम अडकवून, फिल्म अजिबात वाया न घालवता ते 37 काढायचे, एकदा तर 38 निघाले आणि ते पुढे आठवडाभर ज्याला त्याला सांगत होते. मधेच कुणी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं की रोलला लाइट लागणार, म्हणून कॅमेरा कपाटात, चावी बाबांकडे. एक्सपोजर म्हणजे जपून वापरायची गोष्ट.

आता तेच फुकट वाटतात. एका कार्यक्रमाचं पोस्टर करून दिलं तर आयोजक म्हणे मानधन नाही, पण एक्सपोजर भरपूर मिळेल. वाण्याला देऊन बघू का म्हटलं, किलोभर तांदळाचं एक्सपोजर.

त्यात डॉक्टरांचं वेगळंच. स्किनवाले सांगतात सन एक्सपोजर टाळा, हाडांचे सांगतात व्हिटॅमिन डी कमी आहे, उन्हात बसा. मी पुण्याची, स्कार्फ गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून गाडी चालवणारी, मला ऊन मिळणार कुठून, पापण्यांना? गुडघ्याचा एक्सरे काढायला गेले तर तिथला माणूस म्हणाला "एवढ्याशा एक्सपोजरनं काही होत नाही मॅडम", आणि स्वतः भिंतीमागे गेला. (त्याला दिवसभर तेच काम आहे हे कळतं हो, तरी त्या क्षणी बरं नाही वाटत.) म्युच्युअल फंडवाला मुलगाही परवा काळजीनं म्हणाला, तुमचं स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांत, एक्सपोजर जास्त झालंय. हे मात्र मला लगेच समजलं, बाबांच्या कृपेनं.

कारण त्या जास्तीच्या फोटोची एक गंमत होती. रोलबाहेर डोकावणाऱ्या फिल्मच्या टोकाला आधीच उजेड लागलेला असतो, तिथं फोटो काढला तर अर्धा जळतो. पर्वतीच्या पायऱ्यांवरचा आजीचा फोटो असाच आहे, उजवीकडे आजी, डावीकडे आजोबा असणार होते तिथं नुसता पांढरा पट्टा. लॅबवाला म्हणाला हा खराब आहे, प्रिंट काढत नाही. बाबा म्हणाले, अर्ध्या पैशात देता का बघा.

दिला त्यानं. अल्बममध्ये पहिल्याच पानावर आहे.