शाळेच्या ग्रंथालयाचा दुवासंग्रह : साधन जवळपास ठरलं

विषयांची यादी तयार आहे, आता वेबपानांचे दुवे (लिंक) ठेवायचे कुठे याची निवड चालू आहे. कुठलंही साधन हाती आलं की मी आधी एवढंच पाहतो, की यात भरलेलं परत बाहेर कसं काढता येतं. वेबवरचा मजकूर वाचायच्या, साठवायच्या सेवा बंद पडतात : गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं, स्टोरिफाय २०१८ मध्ये, पॉकेट २०२५ मध्ये. शाळेचा संग्रह यांच्यापेक्षा जास्त टिकायला हवा.

म्हणून प्रत्येक ठिकाणी थोडे दुवे टिपणांसकट भरले आणि लगेच एक्सपोर्ट करून पाहिले. पॅडलेट या ऑनलाइन फलकाची पीडीएफ देखणी येते, पण ती दुसरीकडे चढवता येत नाही. त्यासाठी सीएसव्हीच (रकान्यांत मांडलेली साधी फाइल) घ्यावी. रेनड्रॉप या दुवे साठवणाऱ्या सेवेच्या सीएसव्हीत शीर्षक, पत्ता, टीप, टॅग सगळं वेगवेगळ्या रकान्यांत मिळतं. टीप शाबूत राहणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हे पान कुठल्या इयत्तेला झेपेल, त्यात काय पाहायचं, या दोन ओळींतच ग्रंथपालाची खरी मेहनत असते. नुसते पत्ते कुणीही गोळा करील.

दुसरी अट लॉगिनची. बऱ्याच सेवा तेरा वर्षांखालच्या मुलांना खातं उघडू देत नाहीत, त्यामुळे खात्याशिवाय पान दिसलंच पाहिजे. पिंटरेस्ट इथेच गळलं. झोटेरो हे संदर्भ साठवायचं साधन मात्र मोठ्या वर्गांसाठी राखून ठेवलंय, कारण लेखक, तारीख ते आपणहून टिपतं आणि प्रकल्पाची संदर्भसूचीही करून देतं.

तर साठवण रेनड्रॉपमध्ये. पॅडलेट फक्त मांडणीसाठी: भूगोलाला नकाशा, इतिहासाला कालरेषा. दोन्ही फार छान दिसतात.

सगळ्यात मजा टॅगांत येतेय. विषयांची नवी नावं शोधण्याऐवजी ड्यूई वर्गांकच (ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायचे क्रमांक) टॅग केले : ५२० खगोलशास्त्र, ५९८ पक्षी. पक्ष्यांच्या पुस्तकांपाशी उभ्या मुलाला फळीवरच्या क्यूआर कोडमधून ५९८ चे दुवे उघडता येतील, म्हणजे कपाट आणि संग्रह एकाच क्रमाने चालतील! फक्त कोडमध्ये रेनड्रॉपचा पत्ता थेट घालणार नाही. शाळेच्या संकेतस्थळावर प्रत्येक वर्गांकाचं एक छोटं पान करतोय, कोड तिथे नेईल आणि तिथून पुढे संग्रहाकडे. उद्या साधन बदललं तर त्या पानावरचा दुवा बदलायचा, फळ्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच राहतील.