तारीख नाही म्हणून शेंगाचटणी कचऱ्यात

परवा आमच्या घरातल्या एका पोराने माझ्या आईने पाठवलेली शेंगाचटणी कचऱ्यात टाकली. का, तर डब्यावर तारीख नव्हती.

इथं इंग्लंडात लीड्सला आम्ही चौघं एका घरात, फ्रिज एकच, आणि दारावर नियमाचा कागद चिकटवलेला की जे ठेवाल त्यावर तारीख टाका, नाहीतर बाहेर. ठीक आहे, दुधाला लावा, मटणाला लावा. पण शेंगाचटणीला? अरे भाजलेले शेंगदाणे, तिखट, मीठ आणि लसूण घालून तेल सुटेपर्यंत कुटलेली ती, ओलं म्हणाल तर तेवढा लसूणच, जंतू वाढणार कशावर? ती बिघडते ती खवट होऊन, आणि खवट झाली की झाकण काढल्या काढल्या नाकाला कळतं. कडक भाकरी महिनोन्महिने टिकते तीपण पाणी उडालेलं असतं म्हणूनच. हे सगळं त्याला सांगितलं तर म्हणतो, सॉरी, पण डेट नव्हती ना.

बरं इथल्या तारखापण दोन तऱ्हेच्या. यूज बाय उलटली की खायचंच नाही, बेस्ट बिफोर उलटली तर चव जरा उतरेल एवढंच. 2022 ला मॉरिसन्स या इथल्या सुपरमार्केटने आपल्या बहुतेक दुधावरचं यूज बाय काढून बेस्ट बिफोर टाकलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, वास घेऊन बघा. म्हणजे फिरून नाकावरच आले की! आणि आपल्याकडं काहीच नाही असंपण नाही, सुट्या मिठाईपुढं बेस्ट बिफोरची पाटी लावायचा नियम 2020 लाच आला, आता सोलापूरला नव्या पेठेत किती पाट्या दिसतात ते तुम्हीच बघा.

भाताचं मात्र मला पटलं. इथं सांगतात, शिजलेला भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बॅसिलस सेरियस म्हणून एक जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात उबेला राहिला की वाढतात आणि त्यांचं विष फोडणी दिली तरी जात नाही. वरून वासही येईलच असं नाही. आणि आपण मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर, रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवणार! आईला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वास येत नाही तर कळलं कुणाला, इंग्रजांना?"

फ्रिजमध्ये टाकते मात्र आता.