तुम्ही विचारलंत म्हणून: ते चित्र ऑयलरचं नाही

ग्राफ थिअरी, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं गणित, शिकवतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, “ऑयलरनं १७३६ साली शोधली तीच ना? पुलांच्या कोड्यातून?” ऑयलर म्हणजे अठराव्या शतकातला गणिती, आणि कोडं असं: एका शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का? मीही कित्येक वर्षं फळ्यावर जमिनीच्या तुकड्यांचे चार ठिपके, पुलांच्या सात रेघा काढून ‘हे ऑयलरचं चित्र’ असं ठोकून देत होतो. मग एकदा मूळ निबंध चाळला. त्यात ते चित्र नाहीच!

त्यात आहेत नकाशे आणि अक्षरं. कोड्यातल्या क्योनिग्जबर्ग शहरात प्रेगेल नदीमुळे जमिनीचे चार तुकडे झाले होते. त्यांना अ, ब, क, ड म्हणू. अ वरून ब वर गेलात की लिहायचं ‘अब’. सात पूल एकेकदाच ओलांडायचे, तर आठ अक्षरं हवीत. एकदा लिहिलेल्या अक्षरात येण्याचा एक आणि जाण्याचा एक असे फार तर दोन पूल बसतात. अ या बेटाला पाच पूल, म्हणजे अ तीनदा यायलाच हवा. बाकीच्यांना तीन-तीन पूल, म्हणून ते दोन-दोनदा. तीन अधिक सहा, नऊ. जागा आठच. खेळ खलास. ठिपके-रेघांचं चित्र आलं १८९२ मध्ये, राउज बॉलच्या गणिती करमणुकीच्या पुस्तकात. आणि विषम संख्येने पूल असलेल्या जागा दोनपेक्षा जास्त नसतील तर वाट नक्की सापडते, याची पूर्ण सिद्धता हिअरहोल्त्सर या गणितीची. ती छापून आली १८७३ मध्ये. तो त्याआधीच वारला होता.

मधल्या काळात ज्याचं त्याचं काम वेगळंच चाललं होतं. भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफ विजेच्या मंडलांत गुंतलेला (१८४७), केली नावाचा गणिती ‘झाडं’, म्हणजे कुठेही बंद फेरी नसलेल्या ठिपके-रेघांच्या जोडण्या, मोजत बसलेला (१८५७). ‘ग्राफ’ हा शब्द तर गणिती सिल्व्हेस्टरनं १८७८ मध्ये रेणूंच्या रचनाचित्रांवरून उचलला. आपण ऑयलरचा वारसा चालवतोय, असं यांच्यापैकी कोणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही.

माझा लाडका मात्र केम्पे हा गणिती. नकाशातले देश म्हणजे ठिपके, शेजार म्हणजे रेघ. शेजारी देशांना वेगळे रंग द्यायचे तर कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात हे त्यानं १८७९ मध्ये ‘सिद्ध’ केलं. चूक सापडायला अकरा वर्षं लागली. ती हीवुड या गणितीनं काढली, आणि केम्पेच्याच युक्तीनं (दोन रंगांच्या सलग भागात ते दोन रंग आपसांत बदलायचे) पाच रंग तरी नक्की पुरतात हे दाखवलं. १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी संगणक लावून चार रंग खरंच पुरतात हे सिद्ध केलं, तेव्हाही ती युक्ती कामी आली. इतकी उपयोगी चूक मला दुसरी माहीत नाही.

या सगळ्याची मोट बांधून पहिलं पाठ्यपुस्तक लिहिलं हंगेरीच्या डेनेश क्योनिगनं, १९३६ मध्ये. म्हणून आता मला कोणी साल विचारलं की मी उलट विचारतो, कोडं सुटल्याचं हवंय की विषय झाल्याचं? दोन्हींत दोनशे वर्षं आहेत. फळ्यावर चित्र अजूनही तेच काढतो, फक्त नाव घेत नाही.