गाडी मागे ढकलून पाहिली तेव्हा

मी मुलांच्या कार्यशाळेत लाकूडकाम शिकवतो. उतारावर सोडायच्या लाकडी गाड्यांची शर्यत हा वर्षातला माझा सगळ्यांत आवडता काळ. डॉन मर्फी यांनी 1953 मध्ये कॅलिफोर्नियात 'पाइनवुड डर्बी' सुरू केली, तेव्हापासून मूळ साहित्य तेच: एक ठोकळा, चार चाकं, आणि अ‍ॅक्सल म्हणजे चाकांचे दांडे म्हणून चार खिळे. वजनाची मर्यादा 5 औंस, म्हणजे साधारण 142 ग्रॅम. इंजिन नसल्यामुळे वरून सुटताना मिळालेली ऊर्जा वाटेत कुठे सांडते, एवढाच प्रश्न उरतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी एक मुलगी गाडी घेऊन आली. रडवेली झाली होती. वजन बरोबर 141 ग्रॅम, मागच्या बाजूला नीट बसवलेलं. खिळे 2000 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून आरशासारखे केलेले. तरी सरावात गाडी शेवटची.

"सर, घर्षण कमी करायला अजून ग्रॅफाइटची पूड घालू का?"

"थांब. आधी ऐकू."

गाडी सोडली. उतारावर टक-टक-टक असा आवाज येत होता. गाडी सरळ जावी म्हणून मार्गाच्या मधोमध जी उंच पट्टी असते, तिला ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून धडकत होती. यावरचा उपाय नेहमीचाच. पुढचं एक चाक उचललेलं ठेवायचं, म्हणजे ते जमिनीला टेकतच नाही. दुसऱ्या चाकाच्या खिळ्याला किंचित बाक द्यायचा आणि तो फिरवून गाडी एका बाजूला हलकी ओढ घेईल असं करायचं. मग ती पट्टीला एकदाच टेकते आणि शेवटपर्यंत तिच्याच कडेने जाते. सपाट फळीवर 120 सेंटिमीटरमध्ये 10 सेंटिमीटर सरकेल इतकी ओढ मी बसवून दिली. आवाज थांबला. वेळ मात्र 3.28 सेकंदांवरून 3.25 वर आली, बस्स.

आता मी गप्प झालो. एवढ्याने भागायला हवं होतं.

मग काचेची फळी काढली, थोडी तिरकी धरली आणि गाडी हळूच पुढे जाऊ दिली. मागची दोन्ही चाकं खिळ्याच्या डोक्याकडे, बाहेर सरकली. अगदी हवी तशी. मागच्या खिळ्यांना तिने सुमारे अडीच अंशाचा बाक दिलेला होता. त्यामुळे चाकांचा माथा जरा आत झुकतो आणि गाडीच्या वजनानेच चाकं बाहेर जातात, लाकडाला घासत नाहीत. मग तीच गाडी उलटी, मागे जाऊ दिली. डावं चाक बाहेरच राहिलं. उजवं मात्र सरसर आत येऊन ठोकळ्याला चिकटलं.

नुसत्या झुकावामुळे चाक बाहेर जात असेल, तर ते दोन्ही दिशांना बाहेरच राहतं. दिशा बदलल्यावर जागा बदलली, म्हणजे चाकाचं तोंडच वळलेलं होतं. पुढे जाताना ते बाहेर पळू बघत होतं आणि खिळ्याच्या डोक्यावर जोराने घासत होतं. खिळा काढला, भिंगाखाली धरला. डोक्याच्या आतल्या अंगाला ग्रॅफाइट पार निघून गेलं होतं. तिथे नखाच्या कडेएवढी चकचकीत चंद्रकोर उमटली होती, बाकीचा खिळा काळसर.

मागचं न तपासता मी पुढचं चाक जुळवत बसलो, याचं मला फार वाईट वाटलं. पोरीचा अर्धा तास त्यात गेला.

खिळ्यांच्या डोक्यांवर कानशीने खाच पाडली आणि स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. वाकलेला खिळा भोकात जरा फिरवला की चाकाचं तोंडही जरा वळतं. ती फिरवायची, मी गाडी पुढे-मागे सोडायचो. "अजून केसभर... नाही, जास्त झालं, मागे घे." सातव्या-आठव्या खेपेला दोन्ही चाकं दोन्ही दिशांना बाहेर राहिली. मागचं बदलल्याने पुढची ओढ 16 सेंटिमीटर झाली होती, ती पुन्हा 10 वर आणली.

गाडी सोडली. टक-टक नाही, घरघर नाही, नुसती पट्टीच्या कडेने गेलेली एक रेघ. 3.12.

ती काही बोलली नाही. खिशातून पेन्सिल काढली आणि प्रत्येक खाचेसमोर लाकडावर बारीक रेघ मारली, खिळा हलला तर कळावं म्हणून. मी ते तिला सांगितलं नव्हतं. मग चाकं वर करून गाडी तिने खोक्यात ठेवली.