संगमाच्या बंगल्यातला रुमाल

जुने कागद दुरुस्त करायचं काम करते मी. मोडी दप्तरं, पोथ्या, नकाशे, वाळवीनं खाल्लेलं, भिजून चिकटलेलं, काय वाट्टेल ते येतं. पुण्यात वाडे पाडताना माळ्यावरून अजून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, निघतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. पण त्या दिवशी सत्तरी ओलांडलेले एक काका आले आणि रुमाल टेबलावर ठेवतानाच म्हणाले, "मॅडम, हे संगमावरच्या साहेबाच्या बंगल्यातलं आहे. तो जाळला त्या दिवशी आमच्या मूळ पुरुषानं उचलून आणलेलं." मी हातातलं काम तसंच सोडलं.

तो बंगला म्हणजे इंग्रजांची रेसिडेन्सी, पेशव्यांच्या दरबारातल्या त्यांच्या वकिलाचं, म्हणजे राजदूताचं, घर. चार्ल्स मॅलेट 1786 मध्ये पेशव्यांकडे वकील म्हणून आला, त्याला मुळा-मुठेच्या संगमाजवळ राहायला जागा मिळाली. 1811 पासून तिथं वकील म्हणून एल्फिन्स्टन. आणि 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई सुरू होताहोता हा माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी बंगल्यातून निघाला, नदी ओलांडून पलीकडच्या काठानं वर गेला आणि खडकीच्या पुलावरून परत अलीकडे येऊन आपल्या फौजेत पोचला. मागं पेशव्यांच्या सैन्यानं बंगला लुटला आणि पेटवून दिला. ग्रीक, लॅटिन, फारसी वाचणारा माणूस होता तो, त्याची पुस्तकं, हस्तलिखितं, टिपणं सगळं त्यात गेलं. शाळेत हे वाचताना मला आनंदच व्हायचा, पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांची बाजू ती आपली बाजू. आजही तीच आपली. पण या कामात आल्यापासून जळलेली पुस्तकं म्हटलं की पोटात तुटतं, शत्रूची असली तरी, आणि ही दोन्ही मतं माझ्यात सुखानं नांदतात.

तर अशा घरातला एक जरी कागद आगीतून वाचला असेल तर केवढी गोष्ट. रुमाल सोडला. बरेचसे कागद देशी, हातबनावटीचे, आणि मध्ये दोन ताव इंग्रजी कागदाचे, पण लिहिलेलं सगळं मोडीतच. काकांचा सगळा भर त्या दोन तावांवर, म्हणे साहेबाशिवाय असला कागद कुणाकडे असणार? कडा काळपट-तपकिरी, बोट लावलं की तुकडे पडणाऱ्या. "बघा, जळालेल्या," काका म्हणाले.

मी एक ताव लाइटच्या काचेवर ठेवला. जुन्या इंग्रजी कागदात वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली खूण, उजेडात दिसतो आणि पुष्कळदा त्यात सालही असतं, कारण 1794 पासून कागद बाहेरदेशी पाठवताना करात सूट पाहिजे असेल तर साल टाकावं लागायचं, आमच्यासाठी हे वरदानच आहे. उजेडात आकडे वर आले, 1822. मी ताव उलटा करून पाहिला, भिंग लावून पाहिलं, दुसरा ताव ठेवला, त्यातही 1822. बंगला जळून पाच वर्षं झाल्यावर इंग्लंडात बनलेला कागद.

काकांना ते कसं सांगायचं हे मला सुचेना, म्हणून उगाच कडा तपासत बसले. आणि तिथं दुसरी गोष्ट कळली, की हे जळालेलं नाहीच. जळालेली कड कोळशासारखी काळी होते आणि चुरा होतो. इथं तपकिरी रेघ होती, लाटेसारखी वरखाली जाणारी, एकावर एक असलेल्या सगळ्या कागदांवर जवळजवळ एकाच उंचीला. पाण्याची रेघ. घड्यांमध्ये पिठासारखी बारीक माती अडकलेली. मी विचारलं, "काका, तुमचा वाडा कुठल्या पेठेत होता?"

"नारायण पेठेत, नदीच्या बाजूला."

"पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पाणी आलेलं?"

ते काहीच बोलले नाहीत. मग सालाचंही सांगून टाकलं, एका दमात. त्यांनी वॉटरमार्क स्वतः वाकून बघितला, आकडे बोटानं हवेत गिरवले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही मामाकडे होतो सदाशिव पेठेत, आणि आईनं खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून कागद वाळत घातलेले, कपड्यांसारखे, आम्हाला त्या खोलीत पळायला बंदी. ते हेच का?"

हेच असणार, मी म्हटलं, ओले तसेच बांधून ठेवले असते तर आज याचा लगदा झाला असता.

मोडी वाचणाऱ्या सहकाऱ्यानं नंतर पाहिलं, बागायतीचा हिशेब निघाला. तोवर काकांना त्यात रस उरला नव्हता. ते एकच विचारत होते, "ती माती काढणार का?"

काढावीच लागते, ओल धरते, बुरशी येते. मऊ ब्रशनं एकेक घडी झाडत मी ती बटर पेपरवर गोळा केली, जेमतेम चिमूटभर भरली, आणि पुडी बांधून त्यांना दिली. त्यांनी ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.